फुफाट्यातला माग: ठसे आणि चाल पाहून प्राणी कसा ओळखायचा

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, निफाड या ऊसपट्ट्यात सकाळी बांधावर किंवा पाटाच्या कडेला पंजाचा ठसा दिसला, की थोड्याच वेळात त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि 'बिबट्या आला' हे ठरूनही जातं. अशा फोटोंतले कित्येक ठसे कुत्र्याचे असतात, काही तरसाचे. उलटही होतं. खरोखर बिबट्याचा ठसा कुत्र्याचा म्हणून सोडून दिला जातो आणि रात्री गोठ्याचं दार उघडंच राहतं. दोन्ही चुकांचं मूळ एकच: एकाच ठशावर निकाल देणं. एका ठशावरून फार तर अंदाज बांधता येतो. खात्री करायची तर त्याच्या मागचे आणि पुढचे सात-आठ ठसे बघावे लागतात, म्हणजे ठशाबरोबर चालही वाचावी लागते. नवशिक्याने पहिल्या दिवसापासून हीच सवय लावून घ्यावी.

सुरुवात कुठे करायची

वाघ-बिबट्यापासून नको, गल्लीतल्या प्राण्यांपासून करा. कुत्रा, मांजर, शेळी, गाय आणि डुक्कर हे पाच ठसे डोळ्यांत पक्के बसले, की जंगलातला वेगळा ठसा आपोआप खटकतो. शेताच्या किंवा घरामागच्या वाटेवर साधारण एक मीटर रुंदीची पट्टी आखा. त्यातले खडे-काटक्या काढून चाळलेली माती एक-दोन सेंटिमीटर जाडीत पसरा. संध्याकाळी फळीने किंवा झाडूच्या पाठीने सपाट करा आणि सकाळी ऊन वर येण्याआधी बघा. थर जाड झाला की पाय रुततो आणि ठशाच्या कडा ढासळतात. पातळ झाला तर नुसती बोटं उमटतात, गादी (बोटांमागचा तळव्याचा मऊ उंचवटा) उमटतच नाही.

व्याघ्र प्रकल्पांचे नियम आधी समजून घ्या. ताडोबा, पेंच, मेळघाट इथे सफारीत गाडीतून खाली उतरता येत नाही, त्यामुळे ठसे गाडीतूनच बघायचे. मोजमाप करायचं असेल तर वनखात्याच्या परवानगीने, वनरक्षक किंवा स्थानिक मार्गदर्शकाबरोबर पायी जावं. मेळघाटातले कोरकू आणि ताडोबाच्या आसपासचे गोंड वाटाडे अर्ध्या ठशावरून जे सांगतात, ते पुस्तकात सापडत नाही. त्यांच्यामागे चालणं हीच उत्तम शाळा.

जमीन कशी आहे याने निम्मा फरक पडतो. ठसा सगळ्यात चांगला उमटतो तो गाडीवाटेवरच्या बारीक फुफाट्यात आणि नाल्याच्या काठच्या ओलसर, पण चिखल न झालेल्या मातीत. कोरड्या नदीपात्रातल्या जाड वाळूत नुसते खळगे दिसतात. त्यावरून बोटं मोजता येत नाहीत, ढांग मात्र मोजता येते. मुरमाड जमिनीवर आणि कोकणातल्या जांभ्यावर काहीच टिकत नाही, तिथे शेजारची धुळीची किंवा चिखलाची जागा शोधायची. काळ्या मातीच्या चिखलात बोटं फाकतात आणि ठसा खऱ्यापेक्षा बराच मोठा दिसतो. तो ठसा वाळून तडकला की आणखी मोठा भासतो. 'केवढा मोठा वाघ' या बातम्यांतले बरेच वाघ चिखलाने मोठे केलेले असतात.

सामान थोडंच लागतं: पंधरा सेंटिमीटरची पट्टी, तीन मीटरचा टेप, वही-पेन्सिल, मोबाइल, आणि एक मीटरभर लांबीची सरळ काठी. काठीला दोन रबरबँड लावून ठेवा. ते कशाला ते पुढे येईल.

ठसा दिसल्यावर

पहिली गोष्ट म्हणजे थांबा. माग कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला जातो ते उभ्या उभ्याच बघा आणि त्याच्या बाजूने चाला, त्याच्यावरून कधीच नको. चार माणसं असतील तर एकच पुढे जावा. गावात बिबट्याच्या ठशाभोवती जमलेली गर्दीच निम्मा पुरावा तुडवून टाकते.

मग उन्हाची दिशा बघा. सकाळी आठ-साडेआठपर्यंत आणि दुपारी चारनंतर ऊन तिरपं असतं, तेव्हा ठशाच्या कडांची सावली पडते आणि बारीक तपशील उठून दिसतो. ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहा. डोक्यावर ऊन असेल तर तोच ठसा सपाट दिसतो. अशा वेळी ठशावर स्वतःची सावली धरायची आणि बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकायचा.

त्यानंतर पहिला प्रश्न: पंजा की खूर? पंजा असेल तर बोटं किती? चार बोटं दिसली तर मांजरकुळ, श्वानकुळ किंवा तरस. पाच दिसली तर अस्वल, मुंगूस, उदमांजर, पाणमांजर यांपैकी कोणीतरी. एवढ्यानेच यादी निम्म्याहून कमी होते.

मांजरकुळ की श्वानकुळ

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ द्या. 'नखं दिसली की कुत्रा, नाही दिसली की बिबट्या' हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि तोच फसवतो. कडक जमिनीवर पातळ धूळ असेल तर कुत्र्याची नखं उमटत नाहीत. बिबट्या घसरणीच्या चिखलात किंवा उडी मारताना नखं बाहेर काढतो. म्हणून नखांकडे शेवटी बघायचं, आधी मधल्या मोठ्या गादीकडे.

वाघ, बिबट्या, रानमांजर, घरची मांजर या सगळ्यांची गादी पावलाच्या मानाने मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे स्पष्ट दिसतात. बोटं गोल-लंबगोल, एकमेकांपासून सुटी आणि गादीभोवती कमानीत, पण ही कमान तिरकी असते: मधल्या दोन बोटांपैकी एक दुसऱ्यापेक्षा पुढे असतं. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांची गादी लहान आणि त्रिकोणी असते. मधली दोन बोटं जवळपास एका रेषेत पुढे आणि बाहेरची दोन मागे, दोन्ही बाजू सारख्या.

आता एक सोपी परीक्षा. दोन बारीक काड्या घ्या. एका बाजूचं मधलं आणि बाहेरचं बोट यांच्यामधल्या फटीतून काडी समोरच्या बाजूला गादीच्या कडेने तिरपी धरा, दुसरी तशीच उलट बाजूने. कुत्र्याच्या ठशात ही फुली कुठल्याही गादीला न कापता मधल्या मोकळ्या, उंच राहिलेल्या मातीवरून जाते. मांजरकुळात काड्या मोठ्या गादीला कापतात. अर्धवट ठशावरही ही परीक्षा चालते.

पाऊल डावं की उजवं, हेही मांजरकुळात सहज कळतं. ठशाशेजारी आपला हात तळवा खाली करून ठेवा आणि अंगठा आत दुमडा. आपलं मधलं बोट जसं पुढे असतं तसं त्यांचंही एक बोट पुढे असतं. तुमच्या डाव्या हाताशी ठसा जुळला तर पाऊल डावं. हे कळलं नाही तर पुढे ढांग मोजताना गोंधळ होतो, कारण ढांग नेहमी त्याच पायापासून त्याच पायापर्यंत मोजायची असते.

मांजरकुळात पुढचं पाऊल मागच्यापेक्षा रुंद असतं. मापाचा अंदाज पुढीलप्रमाणे धरा: घरची मांजर तीन सेंटिमीटरच्या आसपास, रानमांजर त्याहून थोडं मोठं, पूर्ण वाढलेला बिबट्या साधारण ७ ते १० सेंटिमीटर, वाघ १२ ते १६. पूर्ण ठशापेक्षा मोठ्या गादीची रुंदी जास्त भरवशाची, कारण बोटं फाकतात, गादी फारशी पसरत नाही. १०-११ सेंटिमीटरचा ठसा मिळाला तर मोठा बिबट्या की वाघाचं वाढतं पिल्लू, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर आजूबाजूला असतं: पिल्लू असेल तर जवळपास आईचे मोठे ठसे सापडतात. वाघाच्या मागच्या पावलाचा ठसा चौकोनात बसत असेल तर नर आणि लांबट आयतात बसत असेल तर मादी, असा जाणकारांचा आडाखा आहे. तो एका ठशावर लावू नका, सपाट जमिनीवरचे मागच्या पायाचे पाच-सहा ठसे मोजून मगच बोला.

ठशांवरून एकेक वाघ ओळखता येतो, असं मात्र कधीच म्हणू नका. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी काचेवर ठसा गिरवून घेण्याची पद्धत बसवली आणि १९७२ च्या पहिल्या देशव्यापी व्याघ्रगणनेत तीच वापरली गेली. पण जमीन, उतार, वेग आणि गिरवणाऱ्याचा हात बदलला की तोच वाघ वेगळा दिसतो. राजस्थानच्या सरिस्कात २००४-०५ मध्ये एकही वाघ उरलेला नाही हे उघड झालं, तेव्हा कागदावर वाघ होतेच. त्यानंतर, २००६ च्या अंदाजापासून, कॅमेरा ट्रॅप (जंगलात बांधलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि अंगावरचे पट्टे यांवर आधारलेली पद्धत आली. ठसे बाद झाले नाहीत. कुठल्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या गस्तीच्या भागात) कोणता मांसभक्षी फिरतो याची नोंद वनरक्षक आजही ठसे आणि विष्ठा बघूनच करतात.

तरस, लांडगा, कोल्हा, रानकुत्रा

तरसाला चार बोटं असतात आणि नखंही उमटतात, म्हणून ठसा कुत्र्याच्या गटात ढकलला जातो. पण पुढचं पाऊल मागच्यापेक्षा ठळकपणे मोठं असतं, कारण शरीराचा भार पुढे असतो. बोटं एकमेकांना चिकटून, नखं बोथट आणि आखूड. एकाच मागात मोठा ठसा, लहान ठसा, पुन्हा मोठा असं दिसलं तर तरसाचा विचार आधी करा. काही जण याला 'मादी आणि पिल्लू' समजतात.

कोल्ह्याचा ठसा साधारण पाच सेंटिमीटर लांब आणि कुत्र्यापेक्षा अरुंद, खोकडाचा त्याहून लहान. लांडगा आणि मोठा गावठी कुत्रा यांचा एकेकटा ठसा वेगळा काढणं अवघड आहे. तिथे चालच उत्तर देते. रानकुत्र्यांचे ठसेही कुत्र्यासारखेच, पण ते कळपाने जातात आणि वाटांच्या चौकात अनेकांची विष्ठा एकत्र सापडते. ती खूण महत्त्वाची.

चाल वाचणं

तीन मापं घ्या. ढांग: एका पायाच्या ठशाच्या मागच्या कडेपासून त्याच पायाच्या पुढच्या ठशाच्या मागच्या कडेपर्यंत. मागाची रुंदी: डाव्या ठशांच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या ठशांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. तिसरं, मागचं पाऊल पुढच्याच्या तुलनेत कुठे पडलं: त्याच्यावर, मागे की पुढे. प्रत्येक माप सपाट जागी चार-पाच वेळा घेऊन सरासरी काढा. चढ-उतारावरचं माप वेगळं लिहा, कारण चढावर ढांग आखडते.

चालताना बहुतेक पंजेवाले आणि हरणं डावा-उजवा असा तिरपा क्रम ठेवतात. वाघ-बिबट्या निवांत चालत असेल तर मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर जवळपास नेमकं पडतं. त्यामुळे लांबून बघितलं तर दोन पायांच्या प्राण्याचा माग वाटतो, आणि तुम्ही ज्याला 'ठसा' म्हणता तो प्रत्यक्षात मागच्या पायाचा असतो. पुढचा रुंद ठसा त्याच्याखाली दबलेला असतो, कडेला त्याची एखादी कमान डोकावते. ती शोधा. वेग वाढला की मागचं पाऊल पुढच्याच्या पुढे जाऊन पडतं, आणि हळू, दबकत चालताना थोडं मागे राहतं. पाणवठ्याजवळ एकाच मागात हे तिन्ही प्रकार दिसतात.

गावातला कुत्रा आणि रानातला प्राणी यांतला फरक इथे सापडतो. कुत्र्याचा माग नागमोडी असतो. तो दगड हुंगतो, मागे फिरतो, वाटेवरून शेतात आणि शेतातून वाटेवर येतो, आणि मागची पावलं पुढच्यांच्या शेजारी वेडीवाकडी पडतात. लांडगा, कोल्हा सरळ रेषेत लांबवर जातात आणि त्यांची नेहमीची चाल दुडकी असते. दुडक्या चालीत ठसे दोन-दोनच्या तिरप्या जोड्यांत दिसतात, कारण प्राणी अंग किंचित तिरकं धरून पळतो आणि मागचे पाय पुढच्यांच्या एका बाजूला टाकतो. जोड्यांमधलं अंतर सारखं असलं तर तो बराच वेळ त्याच वेगाने गेला असं समजा.

धाव चौखूर असली तर चार ठशांचा एक गट, मोठी मोकळी जागा, पुन्हा चारांचा गट असं दिसतं. ठशाच्या पुढच्या टोकाला जमीन जास्त खोल दबलेली असते आणि मागे माती उडालेली असते. इथे नखं दिसली तरी मांजरकुळाला लगेच नाकारू नका. गादी बघा, फुली टाका.

सशाचा माग एकदा नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण त्याची दिशा उलटी सांगतात. ससा पुढचे दोन पाय एकामागे एक टाकतो आणि मागचे दोन लांब पाय त्यांच्या पुढे शेजारी-शेजारी येतात. म्हणजे मोठे ठसे ज्या बाजूला, त्या बाजूला ससा गेला. पावलांखाली दाट केस असल्याने गाद्या उमटत नाहीत, नुसते अस्पष्ट लांबट खळगे दिसतात.

लंगडणारा प्राणीही मागावरून कळतो: एका पायाचा ठसा उथळ, पावलांमधलं अंतर एका बाजूला आखूड, आणि दुसऱ्या बाजूच्या पायाचा ठसा जास्त खोल. हे सलग दहा-बारा पावलं दिसलं तरच नोंदवा. एखाद-दुसऱ्या पावलात ते दगडामुळेही होतं.

आता ती काठी. सलग तीन-चार ठसे मिळाले की काठी एका ठशाच्या मागच्या टोकाला लावून पुढच्या ठशाच्या टोकाशी एक रबरबँड सरकवा, दुसऱ्याने ठशाची लांबी धरून ठेवा. माग हरवला की शेवटच्या ठशावर काठी टेकवून पुढे कमानीत हळूहळू फिरवा. पुढचं पाऊल त्या कमानीजवळच असणार, त्यामुळे डोळे सगळीकडे न भिरभिरता एका अरुंद पट्ट्यात शोधतात. दबलेलं गवताचं पातं, सरकलेला खडा, उलटलेलं ओलं पान एवढंही तिथे दिसून जातं. पाच मिनिटांत काही हाती लागलं नाही तर शेवटच्या ठशापाशी खूण ठेवून, माग तुडवला जाणार नाही असा वळसा घालत पुढच्या धुळीच्या जागेपाशी जा.

खुरांचे ठसे

सांबराचा खूर साधारण ७ ते ९ सेंटिमीटर, चितळाचा ५ च्या आसपास, भेकराचा ३ ते ४. टोक जिकडे निमुळतं, तिकडे प्राणी गेला. चितळ आणि शेळी यांच्यात नवशिके फसतात. शेळीच्या खुरांची टोकं बोथट आणि फाकलेली असतात, चितळाची अणकुचीदार. शिवाय शेळ्यांच्या मागाबरोबर गुराख्याची चप्पल हमखास असते. रोहीचा (नीलगायीचा) खूर सांबराएवढाच, म्हणून कुठे सापडला ते बघा: विदर्भातल्या उघड्या शेतांत, माळावर असेल तर रोही, दाट जंगलातल्या उतारावर असेल तर सांबर जास्त संभवतं.

रानडुकराला ओळखण्याची खूण पक्की आहे. खुरांच्या मागे वर असलेली दोन छोटी खुरं त्याच्या ठशात बाहेरच्या बाजूला फाकून उमटतात, साध्या चालीतही. हरणांची ती फक्त चिखलात किंवा पळताना उमटतात. गव्याचा खूर मोठा आणि गोलसर, १२ सेंटिमीटरच्या वर. गावठी बैलाशी गल्लत होते तेव्हा ठशाची खोली बघा आणि बरोबर माणूस, गाडी, दावं यांची खूण आहे का ते तपासा.

पाच बोटं आणि इतर

अस्वलाची पाच बोटं जवळजवळ एका सरळ ओळीत असतात आणि त्यांच्या पुढे बरंच अंतर सोडून लांब नखांच्या खुणा. मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखं दिसतं, पुढची पावलं आत वळलेली. शेजारी उकरलेलं वारूळ असेल तर शंकाच नको. साळिंदराच्या मागात ठशांच्या मधून काट्यांनी ओढलेल्या बारीक रेघा असतात. घोरपडीच्या मागात मधोमध शेपटीची नागमोडी रेघ आणि दोन्हीकडे नखांचे ओरखडे. मुंगुसाचे ठसे छोटे, पाच बोटांचे आणि नखांसह असतात.

हत्तीची गोष्ट वेगळी. सिंधुदुर्गातला दोडामार्ग, कोल्हापुरातलं चंदगड आणि २०२१ पासून गडचिरोली इथे हे ठसे भेटू शकतात. पुढचा गोल, मागचा लंबगोल. पुढच्या पावलाच्या घेराची दुप्पट म्हणजे जवळपास खांद्यापर्यंतची उंची. पण ताजा ठसा दिसला तर टेप काढू नका, आल्या वाटेने परत फिरा. अस्वलाच्या ताज्या मागालाही हेच लागू.

ठसा किती जुना

ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि तळ गुळगुळीत. वारा लागला की कडा गोल होतात, आत कचरा आणि धूळ बसते. ठशात दवाचे ठिपके पडलेले असतील तर प्राणी पहाटेच्या आधी गेला. दव पुसलं गेलं असेल तर नंतर. मुंग्या, किडे, पाखरं यांच्या बारीक रेघा ठशावरून गेल्या आहेत की ठशाखाली दबल्या आहेत ते वाकून बघा. शेवटची गाडी किती वाजता गेली हे माहीत असेल, तर टायरच्या खुणेवर ठसा की ठशावर टायर, एवढ्याने वेळ ठरते. सरावासाठी आपल्या मुठीचा ठसा शेजारी उमटवा आणि दर दोन तासांनी दोन्हींची तुलना करा. सावलीतला ठसा उन्हातल्यापेक्षा कितीतरी वेळ ताजा दिसतो, हे त्यातून लगेच लक्षात येतं.

नोंद, फोटो, साचा

फोटो बरोबर वरून, मोबाइल जमिनीला समांतर धरून घ्या. तिरपा फोटो ठसा लांबवतो. पट्टी ठशाशेजारी, त्याच पातळीवर ठेवा. नाणं किंवा काडेपेटी नको, मापाची पट्टीच हवी. एक फोटो एकट्या ठशाचा, एक चार-पाच ठशांच्या ओळीचा आणि एक आजूबाजूच्या जागेचा. ग्रुपवर पाठवायचा तर तिन्ही पाठवा.

साचा घ्यायचा असेल (अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय नाही) तर ठशाभोवती पाच सेंटिमीटर उंच पुठ्ठ्याचं कडं बसवा. मापाने एक भाग पाणी आणि साधारण दोन भाग प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या. पाण्यात प्लास्टर घाला, प्लास्टरवर पाणी ओतू नका, नाहीतर गुठळ्या होतात. भज्यांच्या पिठाइतकं घट्ट झालं की ठशाच्या कडेला ओतून आत वाहू द्या. थेट ठशावर ओतलं तर बारीक कडा वाहून जातात. फुफाट्यातल्या ठशावर आधी फवारणीच्या बाटलीने पाण्याचं धुकं मारून माती धरवून घ्या. थर दोन-तीन सेंटिमीटर हवा, पातळ थर उचलताना तुटतो. घट्ट होण्याआधी पाठीवर खिळ्याने तारीख, जागा, पुढचा-मागचा, डावा-उजवा कोरा, कारण साच्यात डावं-उजवं उलटं दिसतं. अर्ध्या तासाने उचला, पण चिकटलेली माती लगेच धुऊ नका. दोन दिवस सुकल्यावर मऊ ब्रशने काढा.

शेतात खरोखर बिबट्याचा ताजा माग निघाला तर त्याच्यामागे उसात शिरू नका. ठसे उलट्या घमेल्याखाली झाका, मागाची दिशा लिहून ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. वनरक्षक येईपर्यंत लहान मुलं आणि शेळ्या त्या बाजूला जाणार नाहीत, रात्री पाणी द्यायला कोणी एकटं जाणार नाही, एवढं गावात सांगून ठेवा.